फ्रिजची गंजकी बाजू

पुरानी बस्ती, रायपूर
१८ ऑक्टोबर २००४

विहीणबाई,

आणि वरून लिहिता काय, तर "राग मानू नका"! नाही मानत. मले रागच येत नाही, माझा चेहराच तसा आहे.

नवरात्रात तुमचं पाकीट आलं, चांगलं जाडजूड. मी पिठाचे हात धुऊन उघडलं. म्हटलं, पोरीच्या लग्नाले पाच महिने झाले, तिचा फोटो असन, नाहीतर तिच्या हातच्या दोन ओळी तरी असतीन. तर निघालं काय? मासिकातलं फाडलेलं पान. "शरद ऋतूत घर सजवा: सोपं, स्वस्त, सुंदर." मी तुमाले काय विचारलं होतं? पहिला दिवाळसण आहे, राधिकाले आणि जावईबापूले कधी पाठवता? आणि तुमचं उत्तर काय? वाळकी पानं काचेच्या बरणीत भरून ठेवा.

पान मी पूर्ण वाचलं. चौथीपर्यंतच शिकली, पण अक्षरं जोडता येते. वाळकी पानं म्हणता, तर आमच्या गल्लीत पिंपळ आहे. तो बिचारा रोज फुकटात सजावट पाठवते आणि मी येडी रोज झाडूनं बाहेर लोटते. आता कळलं, मी घरची शोभा फेकून राहिली होती. मग लिहिलं आहे, दारात लहान-मोठी कोहळी रचून ठेवा. ठेवतो ना. आमच्या गल्लीतल्या गाई तुमाले आशीर्वाद देतीन. मग लिहिलं आहे, टेबलावर गोणपाट अंथरा. गोणपाट आमच्याकडे दारात असते, पाय पुसायले. आता त्याच्यावर जेवतो, आणि पाय टेबलावर पुसतो. मग म्हणे खुर्चीवर उबदार रंगाची शाल टाका. ऑक्टोबरात! रायपुरात! पंखा पाचवर फिरून राहिला आणि राधिकाचे बाबा बनियानवर बसून राहिले, त्यांच्या पाठीले शाल.

आणि शेवटचं तर लाखमोलाचं. संत्र्याची सालं दालचिनीत उकळा, म्हणजे घरात सुगंध येते. वा! संत्री तुम्ही नागपूरवाल्यांनी खायची, सालं आम्ही उकळायची.

तुमाले वाटत असन, रायपूर आता राजधानी झालं, म्हणजे इथली माणसं सुधारली पाहिजे. झालं, चार वर्षं झाली राजधानी होऊन. साहेब लोकांच्या गाड्या वाढल्या, घरभाडे वाढले, सदर बाजारात स्कूटरींच्या मधून साधा पाय टाकता येत नाही. आमच्या गल्लीतली नाली जिथली तिथे आहे. तिच्यावर कोणती पानं टाकू तेही तुमच्या मासिकाले विचारा.

ते राहू द्या. मले तारीख सांगा. दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या पीसीओतून तुमाले फोन करते, दुकानदार कान लावून ऐकते, आणि दर रविवारी तुम्ही म्हणता, राधिका आंघोळीले गेली. इतकी आंघोळ तर देवळातल्या देवाचीही होत नाही. पोट्टीची तब्येत बरी आहे ना? का तुम्हीच तिले फोनवर येऊ देत नाही?

तारीख सांगा, बस.

लता
(राधिकाची आई. विसरल्या असान म्हणून लिहिलं.)


महाल, नागपूर
२४ ऑक्टोबर २००४

सौ. लताताई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लिहिलेलं पत्र मी प्रथमच वाचलं. असो.

दिवाळसणाला नाही कोण म्हणतंय? जयंतनं रजा टाकली आहे. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. जयंतचा मित्र दिवाकर याला तुमच्या रायपूरला, नव्या मंत्रालयात नोकरी लागली आहे. त्याची बायको अर्चना आणि आपली राधिका यांचं छान जमतं. ती दोघं भाऊबीजेला तुमच्याकडे फराळाला यायचं म्हणतात. परकी माणसं पहिल्यांदा येणार, तर घर जरा नीटनेटकं असावं, एवढाच त्या पानाचा हेतू. खर्च करा असं कुठेच लिहिलेलं नाही. घरातल्याच वस्तू वापरायच्या आहेत.

आता तुम्ही इतकं मनावर घेतलंच आहे, तर दोन-चार गोष्टी स्पष्टच लिहिते. आतल्या खोलीत दारामागे जी ओल आली आहे, तिच्यावर जुन्या साडीचा काठ लावून केलेला पडदा सोडा. साडी शक्यतो तपकिरी किंवा शेंदरी घ्या, म्हणजे ऋतूला शोभेल. फ्रिजची भिंतीकडची बाजू गंजली आहे. पाहुणे पाणी प्यायला आत आले तर दिसेल, म्हणून त्याला चादरीचं झाकण शिवा. शिवणयंत्रावर धुतलेली गोधडी टाका आणि वर दिवा ठेवा. मधल्या खोलीतली ट्यूब लुकलुकते, ती बदलली नाही तरी चालेल, पण त्या दिवशी लावू नका. दारावर धान्याच्या लोंब्या टांगल्या तर स्वस्तात फार छान दिसतं. पानात त्याची कृती दिली आहे.

राधिका बरी आहे. तिचा शिवणाचा क्लास असतो, म्हणून लिहायला सवड होत नाही. घराची तयारी झाली की कळवा, मग तिकिटाचं बघू.

राधिकाच्या बाबांना नमस्कार. शालीचं त्यांना सांगू नका.

आपली,
शर्मिष्ठा


पुरानी बस्ती, रायपूर
२९ ऑक्टोबर २००४

विहीणबाई,

झाली तयारी. ऐका.

साडी तपकिरी पाहिजे म्हणता. माझ्याजवळ एकच तपकिरी साडी होती, ती आधी पांढरी होती. तिचा पडदा केला. फ्रिजले चादरीचं झगुलं शिवलं. आता फ्रिज उघडायचा म्हणजे आधी त्याच्या नाड्या सोडा, मग दार उघडा, मग नाड्या बांधा. राधिकाचे बाबा परवा म्हणाले, "अवो, याले दृष्ट लागन, काजळाचं बोट लाव." मी म्हटलं, लावते, तुमच्या तोंडाले.

सालं उकळली. घरात वास आला खरा. मी अंगणात गेली तेवढ्यात यांनी काढा समजून गिलासभर पिऊन टाकलं. म्हणे, सर्दीले चांगलं आहे, फक्त साखर घाल. माणूस छत्तीस वर्षं रेल्वेत होता, स्टेशनवरचा चहा पिऊन जगला, त्याले काय होते.

कोहळं दारात ठेवलं तर दूधवाला विचारते, कोणी करणी केली काय? पानं बरणीत ठेवली तर शेजारची म्हणते, दीदी, कोनो वैद करा ले दवाई लाए हस का? म्हणजे, कोण्या वैद्याकडून औषध आणलं काय.

पण आता खरं काम झालं ते सांगते. तुमच्या त्या लोंब्यांचं.

शेजारच्या अंजनाबाईची गावाकडे शेती आहे. वीस वर्षांची शेजारीण, राधिका तिच्याच अंगणात रांगली. तिच्या शेतातला नवीन धान आला. इकडची माणसं देवारीले, म्हणजे आपल्या दिवाळीले, त्या धानाच्या लोंब्या विणून झालर करतात आणि दारावर टांगतात. फाता म्हणतात त्याले. अंजनाबाई दरवर्षी एक स्वतःच्या दारावर टांगते, एक माझ्या. यंदाही आणून बांधली. इतकी बारीक वीण की बोटं पाहावी. मी म्हटलं चला, विहीणबाईची एक तरी गोष्ट घरबसल्या झाली. मग तुमचं पान काढलं. त्यात लिहिलं होतं, लोंब्या टिकाव्या म्हणून वार्निशचा हात द्या. पलंग रंगवला तेव्हाचं वार्निश उरलं होतं. दिले दोन हात. अशी चमकली की मले वाटलं सोन्याची आहे.

अंजनाबाई आली. पाहतच राहिली.

"ये का कर डारे दीदी?"

मी म्हटलं, "अवो, आता वर्षभर टिकते."

"बछर भर टिकही, त चिरई मन का खाहीं?"

चिरई म्हणजे पाखरं. वर्षभर टिकलं तर पाखरं काय खातीन? नव्या धानाचा पहिला घास पाखरांचा, मग घरच्यांचा, असा त्यांचा नेम आहे. मले काय माहीत नव्हतं? वीस वर्षं माझ्या दारावर चिमण्या येऊन खातात, खाली सगळा कोंडा मीच झाडते. पण तुमचं छापील पान पाहून माझी बुद्धीच चरायले गेली. एक चिमणी आली, चोच मारली, डोकं झटकलं आणि उडाली. अंजनाबाईनं स्टूल आणला, झालर काढली, पदरात गुंडाळली आणि गेली. तेव्हापासून माझ्या दारावरून जाते तर तोंड तिकडे करून.

तुमच्या सोप्या, स्वस्त, सुंदर सजावटीपायी माझी शेजारीण गेली. दिवाकर आणि त्याची बायको खूश होतीन आता.

आणि विहीणबाई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही माझ्या घरी एकदाच आल्या, साखरपुड्याले. बाहेरच्या खोलीत त्या हिरव्या खुर्चीवर बसल्या. पाणीही तुमच्या घरून आणलेल्या बाटलीतलं प्यायल्या, माझा लाडू तसाच ठेवला, आणि पंधरा मिनिटात उठल्या. आतल्या खोलीत पाय टाकला नाही. मग दारामागची ओल तुमाले कशी दिसली? ट्यूब लुकलुकते हे कोणी सांगतलं? फ्रिजची गंजकी बाजू तर भिंतीकडे आहे, ती मलेच उन्हाळ्यात सफाई करताना दिसते.

म्हणजे पोट्टीले रोज समोर बसवता आणि तिच्या तोंडून माहेरचं एकेक काढून घेता, नाही काय? ओल कुठे, गंज कुठे, काय फाटलं, काय फुटलं? आणि मग हसता. तिले फोनवर काहून येऊ देत नाही, ते आता समजलं. येऊन मायजवळ रडन, म्हणून.

मी चौथी शिकली असली तरी रेल्वेच्या माणसाची बायको आहे. नागपूरची गाडी किती वाजता सुटते, ते मले पाठ आहे. उत्तर लवकर द्या, नाहीतर उत्तर घ्यायले मीच येतो.

लता


महाल, नागपूर
२ नोव्हेंबर २००४

लताताई,

सप्रेम नमस्कार वगैरे आज राहू दे.

पुष्कळ सोसलं. आता खरं ते लिहिते. मी राधिकाला शब्द दिला होता की सांगणार नाही, पण तुम्ही मला पोरीला छळणारी सासू ठरवलंत. तेवढं मोठं मन माझं नाही.

ते पान राधिकानं फाडलं. माझ्याच मासिकातलं, न विचारता. मागच्या बाजूला भरल्या वांग्यांची कृती होती, तीही गेली. पाकिटात ते पान तिनंच घातलं, आतल्या गोष्टी तिच्या, फक्त अक्षर माझं. ओल, गंज, ट्यूब, सगळं तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मी विचारलं, "अगं, तूच लिही की आईला." तर म्हणाली, "आई माझं ऐकणार नाही, उलट दहा ऐकवेल. तुमचं नाव असलं की लाजेकाजेखातर करेल." लाजेकाजेखातर! तुमची पोरगी तुम्हाला ओळखत नाही, एवढंच मी म्हणेन.

दर रविवारी फोन वाजायचा तेव्हा ती माझ्याजवळच उभी असायची. हातानं नाही-नाही करायची आणि मी आंघोळीचं सांगायचे. या वयात खोटं बोलायची सवय मला तुमच्या मुलीनं लावली.

कारण काय, ते ऐका. अर्चनाशी बोलता बोलता तिनं सांगून ठेवलंय की माहेर सदर बाजारात आहे, सराफ्याला लागून, मोठं घर आहे. आता ती दोघं भाऊबीजेला येतो म्हणाली आणि हिनं घर सजवायचं मनावर घेतलं. मी तीनदा जयंतला म्हटलं, तिकीट काढ. तो काढायला निघाला की ही म्हणते, थांबा, आईची तयारी झाली नाही. जयंतला यातलं काही ठाऊक नाही. त्याला सासुरवाडीत काय आहे न् काय नाही याचं सोयरसुतक नाही, फराळात अनारसे असले म्हणजे झालं. न येणं हे तिचं आहे. माझं नाही, त्याचंही नाही.

आता माझ्यापुरतं. साखरपुड्याला घरून पाणी आणलं, ते तुम्ही इतके महिने मनात जपून ठेवलंत. मला त्याआधी कावीळ होऊन गेली होती. डॉक्टरांनी उकळलेलं पाणी सांगितलं होतं, तुपाचं बंद होतं. लाडू तसाच ठेवला तो काविळीमुळे. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं.

आणि आमच्याकडेही ओल आहे. देवघराच्या मागे, तुमच्यापेक्षा मोठी असेल. मी तिच्यावर कॅलेंडर लावते. राधिका सून होऊन आली त्या दिवशी कॅलेंडर पंख्यानं उडालं आणि तिनं ते पाहिलं. तेव्हा ती काही बोलली नाही. मलाही वाटलं, चला, समजूतदार आहे.

हे पत्र मी तिला न दाखवता टाकते आहे. तुमच्या अंजनाबाईंचं वाचून वाईट वाटलं. वार्निशचं मी वाचलंच नव्हतं, नाहीतर मीच नको म्हटलं असतं.

शर्मिष्ठा


पुरानी बस्ती, रायपूर
५ नोव्हेंबर २००४

राधिका,

चिरंजीव, सौभाग्यवती, अनेक आशीर्वाद, हे सगळं आज सुचत नाही. हे पत्र तुझ्या सासूच्या पाकिटातच घालून पाठवून राहिली. तिलेच सांगतलं आहे, तुझ्या हातात दे आणि समोरून उठून जा. तुझ्यासाठी नुसतं राधिका राहिलं.

तुझ्या सासूले मी नाही नाही ते लिहिलं. आता माफी मागणं आलं. मले ते येत नाही, तुले माहीत आहे. बाबांले म्हटलं, तुम्ही लिहा, तर म्हणे तू बोलली, तूच लिही. रात्रभर बसली त्या कागदावर. शेवटी लिहिलं, चुकलं. एवढंच. त्याच्या वर-खाली काही सुचलं नाही. तिच्या त्या वांग्याच्या कृतीबद्दल मात्र लिहिलं, की मी चुलीवर करतो तशी वांगी तिच्या मासिकवाल्यांनी पाहिलीही नसतीन.

तर आपलं घर सदर बाजारात आहे. सराफ्याले लागून. बरं झालं सांगतलं, मी इतकी वर्षं चुकीच्या घरात राहून राहिली. सदर बाजार जवळ आहे हे खरं आहे, पोरी. नेपाळही जवळच आहे. अजून काय सांगतलं आहे, तेही कळव. बाबा रेल्वेत काय होते? साहेब? त्यांले आधी सांगून ठेवते, म्हणजे पाहुण्यांसमोर तसे बसतीन. बनियानवर साहेब काही दिसत नाही.

मले वाटलं होतं, सासू वाईट निघाली. देवाशपथ, ते सोपं होतं. सासू वाईट असती तर मी गाडीत बसली असती, तिथे येऊन भांडली असती आणि तुले घेऊन आली असती. भांडाले कोणी तरी पाहिजे ना समोर. आता कोणाशी भांडू? मी तीन रात्री तुझ्यासाठी जागी, की पोट्टी तिथे रडत असन, आणि पोट्टी तिथे बसून आपल्या फ्रिजची कोणती बाजू गंजली ते सासूले सांगून राहिली.

लाज वाटते, तर वाटू दे. मलेही वाटते. तुले काय वाटलं, ती ओल पाहून मले बरं वाटते? दर पावसाळ्यात मी तिथे खाट उभी करून ठेवते, कोणी आलं तर दिसू नये म्हणून. तुझा साखरपुडा होता त्या दिवशी मीच तुले म्हटलं होतं, आतलं दार लोटून घे. मग मी काय तुले समजून घेतलं नसतं? पण तू मले सांगतलं असतं, "आई, मले त्या अर्चनासमोर लाज वाटते", तर मी आधी तुले दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मग भिंत खरवडली असती. नेहमी असंच होते आपल्या घरात. तुले शिव्या नको होत्या, म्हणून सासूच्या आड लपली. लपाले जागाही पाहा कोणती भेटली!

आता घराचं. तुझा तपकिरी पडदा काढला. त्याच्यामागे हवा लागत नव्हती, ओल अजून फुगली. फ्रिजचं झगुलं काढलं, बाबांले रात्री पाणी घेताना नाडी सुटत नव्हती. कोहळ्याची भाजी केली. गोल बाजारातून छुही माटी आणली, जी अंजनाबाई तिच्या भिंतीले पोतते, म्हणजे सारवते, ती पांढरी, आणि सगळ्या भिंती पोतल्या. खालच्या कडेले गेरूचा पट्टा ओढला. अजून माझा हात वर होत नाही. घर चांगलं दिसून राहिलं, खोटं काहून बोलू. ओल आहे तिथून मात्र पांढरं खाऊन ती पुन्हा वर आली. येऊ दे.

अंजनाबाईकडे गेली होती. दारात उभी राहिली तर म्हणे, काम का हे? मी म्हटलं, काम काही नाही, मले फाता विणाले शिकव. म्हणे, तुझ्याजवळ वार्निश उरलं आहे काय? असं बोलली! मी म्हटलं, उरलं आहे, तुझ्या जिभेले लावू काय? तेव्हा हसली. मग अर्धा दिवस शिकवलं आणि अर्धा दिवस माझ्या बोटांले नावं ठेवली. माझी झालर वाकडी झाली, एका बाजूनं लांब, एका बाजूनं आखूड. टांगली. सकाळी आठ-दहा चिमण्या होत्या. लांब बाजू आता आखूड झाली, दोन दिवसात सरळ होईन. ती म्हणे, राधिका आही त ओखर बर घलो बनाहूं. तू आली तर तुझ्यासाठीही बनवते म्हणते. तू येतेस की नाही, हे मले काय माहीत?

अर्चना आणि दिवाकरले येऊ दे. चकली, अनारसे आणि चहा देईन. काही विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि विचारलं नाही तर सांगणार नाही. सदर बाजाराचं तू आणि ती पाहून घ्या. तू नसली तरी ते येऊ शकतात, मी त्यांले ओळखत नाही, पण फराळाले काय ओळख लागते?

जावईबापूले यातलं काही माहीत नाही असं तुझ्या सासूनं लिहिलं आहे. ठीक आहे, नाही सांगत. तू सांग. आज नाही तर उद्या, पण तू सांग.

राधिका, दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही दोघं येता. घर जसं आहे तसं आहे, भिंत पांढरी आहे आणि एका जागी नाही. दुसरी, तू येत नाही. तुझ्या मनातून अजून निघत नसन तर नको येऊ. यंदा नाही तर पुढच्या वर्षी दिवाळी आहेच. मी रडीन, मग उठून दिवे लावीन. दोन्ही चालते मले. एकच गोष्ट चालत नाही. आता तुझ्या सासूच्या अक्षरातलं पत्र माझ्या घरात आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन, आणि वरून तिकीट तुझ्याकडून वसूल करीन.

हे तुले सोमवारी भेटन. त्याच दिवशी लिहून टाक. बुधवारी धनतेरस आहे, डाकवाला दुपारी येते, मी ओट्यावर बसून राहीन. त्या दिवशी मले तुझ्या हातचं पत्र पाहिजे. दोन शब्दांचं असलं तरी चालते, व्याकरण पाहणारी मी नाही. येते, तर येते लिही. नाही येत, तर नाही येत लिही. पण ते "नाही" तुझ्या अक्षरात पाहिजे. बुधवारी.

आई